बाटली क्रमांक 53-एन

ताप येणार, हे वॉल्डेमार हाफकिन यांना ठाऊक होतं. तो यावा अशीच त्यांची इच्छा होती. 10 जानेवारी 1897. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राचार्यांच्या साक्षीनं त्यांनी प्लेगच्या मारलेल्या जंतूंचं 10 घनसेंटिमीटर द्रावण स्वतःच्या अंगात टोचून घेतलं. पुढे लोकांना जेवढी मात्रा दिली जाई, तिच्या तिप्पट. काही तासांत अंग तापलं, टोचलेली जागा ठणकू लागली. मेलेल्या जंतूलाही शरीर शत्रू म्हणून ओळखतं आणि तो जिवंत येईल त्या दिवसाची तयारी करून ठेवतं, या अंदाजाला तो ताप दुजोरा देत होता. पॅरिसमध्ये 1892 साली पटकीची लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली होती.

हाफकिन मूळचे ओडेसाचे, ज्यू, जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा शिरकाव झाला तो सहायक ग्रंथपाल म्हणून. ते प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकीची पदवी नाही. रशियाचा हेर तर नव्हे, ही कुजबुज पाठीशी कायमचीच. हे सगळं ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे ते त्यांच्या अंगाशी येणार आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ‘हा प्लेगच’ असं निदान केलं. ऑक्टोबरात हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढा त्यांचा संसार. प्लेगचे जंतू वाढवायचे तर पौष्टिक द्रव हवा. गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं असतं, तर लस हिंदू-मुसलमानांच्या दारातूनच परतली असती. म्हणून त्यांनी बोकडाचं मांस घेतलं. त्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत सोडले की जंतू थेंबांना धरून खाली वाढत, झुंबराच्या लोलकांसारखे. बाटली हलवली की लोलक तुटून तळाशी बसत आणि वर नवे लोंबू लागत. भरपूर पीक आलं की तासभर 70 अंशांवर तापवून जंतू मारायचे. साजूक तुपाचा इतका शास्त्रीय उपयोग मी तरी दुसरा वाचलेला नाही! कामाचा ताण मात्र असा, की तीन महिन्यांत एका मदतनिसाचं मन ढासळलं आणि दोघं सोडून गेले.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली. जवळजवळ निम्मे तसेच राहिले. तेच अन्न, त्याच भिंती, तीच हवा. पुढच्या दिवसांत टोचलेल्यांमध्ये लागण कमी झाली आणि मृत्यू तर फारच कमी. लस संपूर्ण संरक्षण देत नव्हती आणि हाफकिन यांनीही तसा दावा केला नाही. पण जिथं हाती काहीच नव्हतं, तिथं हे पुष्कळ होतं.

बाहेर मात्र लस एकटी आली नव्हती. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पाठोपाठ घरझडत्या, सक्तीचं विलगीकरण, अंगावरचे कपडे उतरवून तपासणी. शहर सोडून लाखो माणसं पळाली. पुण्यात 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. सरकारच्या हातची सुई म्हणजे सरकारचाच हात, असं लोकांनी धरलं तर त्यांना अडाणी ठरवण्याचं कारण नाही. आदल्या दिवशी ज्या हातानं दार फोडलं, त्याच्यापुढे आज दंड कोण धरील? जिथं सुई ओळखीच्या हातून आली, तिथं चित्र वेगळं दिसलं. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपली वास्तू हाफकिन यांना काम करायला दिली आणि सर्वांसमक्ष स्वतः टोचून घेतलं. खोजा समाजाचे लोक मग हजारोंनी पुढे आले. हाफकिन सक्तीच्या विरोधातच होते. 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

मग पंजाबनं लसीची प्रचंड मागणी केली. परळमध्ये पद्धत बदलली: जंतुनाशक कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना टोचलं. त्यांतल्या 19 जणांची लस एकाच बाटलीतली, क्रमांक 53-एन. काही दिवसांतच त्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही दगावले. बाकीच्यांना काही झालं नाही.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या चौकशी आयोगानं बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्ये, दूषित झाली असावी असा कौल दिला. कार्बोलिक वगळल्याचा ठपका होताच. हाफकिन निलंबित झाले आणि 1904 मध्ये निराश होऊन लंडनला गेले.

खरं तर चौकशीच्या कागदांतच दुसरी गोष्ट लिहिलेली होती. मुल्कोवालला त्या बाटलीचं बूच काढण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्यानं बुचाला लावला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि असल्या आंघोळीला ते दाद देत नाहीत. शिवाय बाटली भरल्यापासून उघडेपर्यंतचे 41 दिवस धनुर्वाताचे जंतू त्या द्रवात वाढले असते, तर बाटलीला दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरनं ती उघडल्यावर हुंगून पाहिली होती आणि वास आला नव्हता. उमगायला याहून अधिक काय हवं होतं? पण एक बाहेरचा, पदवी नसलेला माणूस दोषी धरला की वैद्यकीय खात्यातल्या कुणाचीच मान खाली जात नव्हती. परळचं नाव पुढे आलं ते मला याच सोयीपोटी आलेलं दिसतं.

गाठ सुटायला जुलै 1907 उजाडावा लागला. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी ‘द टाइम्स’मध्ये संयुक्त पत्र लिहून हा आरोप साफ खोटा ठरल्याचं सांगितलं. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतलं. पण कलकत्त्याला, आणि नव्या लशी माणसांवर आजमावण्याची मुभा न देता. परळची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही.

1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. तोवर मुंबईहून प्लेगच्या लसीच्या 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. हाफकिन तेव्हा हयात होते, भारतातून निवृत्त होऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती. नाव मिळालं, मुल्कोवालबद्दल दिलगिरीचा शब्द मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.