मूठभर बदामांत काय असते?

बदाम म्हणजे पीच आणि जर्दाळूच्या जवळच्या, गुलाब कुलातील एका झाडाचे बी. साधारण २३ बदामांचे वजन २८ ग्रॅम भरते. एवढ्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, साडेतीन ग्रॅम तंतू आणि १४ ग्रॅम स्निग्धांश असतो. प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या ई जीवनसत्त्वाच्या गरजेपैकी जवळपास निम्मी गरजही त्यातून भागते. हे जीवनसत्त्व पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण रोखते.

बदामातील बहुतांश स्निग्धांश असंतृप्त असतो. लोणी, वनस्पती तूप यांतील संतृप्त स्निग्धांशाची जागा त्याने घेतली, तर रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल काहीसे उतरते.

अख्ख्या बदामातील थोडे तेल चिवट पेशीभित्तिकांत अडकून न पचताच बाहेर पडते. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत २८ ग्रॅम बदामांतून सुमारे १७० ऐवजी १२९ किलोकॅलरीच शरीराला मिळाल्याचे दिसले.

भिजवल्याने बदाम मऊ होतात. साल काढली तर मात्र तंतू आणि पॉलिफिनॉल घटतात. कडू बदाम खाऊ नयेत, कारण त्यांतील अमिग्डॅलिनपासून विषारी हायड्रोजन सायनाइड तयार होते. बदामाची ॲलर्जी असणाऱ्यांनी गोडे बदामही टाळावेत.