सीबी रेडिओ : एका निषिद्ध छंदाची सद्यःस्थिती

बीजशब्द : नागरी तरंगपट्टा, सीबी रेडिओ, हौशी रेडिओ, आयनांबर, सौरडाग-चक्र, परवानामुक्त वर्णपट

प्रस्तावना

‘सीबी रेडिओ’ ही संज्ञा मराठी वाचकास फारशी परिचित नाही. ज्यांना ती परिचित आहे त्यांच्या मनात बहुधा एखाद्या जुन्या अमेरिकन चित्रपटातील ट्रकचालक उभा राहतो. एका हाताने सुकाणू धरलेला, दुसऱ्या हातात गुंडाळीच्या वायरीचा ध्वनिग्राहक घेतलेला आणि पुढच्या वळणावर पोलीस उभे आहेत काय, याची अनोळखी सहप्रवाशांकडे चौकशी करणारा. भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर हे दृश्य इतिहासजमा झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. हौशी रेडिओ, म्हणजेच ‘हॅम रेडिओ’, आणि सीबी रेडिओ या दोन भिन्न गोष्टी आहेत. हौशी रेडिओसाठी परीक्षा द्यावी लागते, शासकीय परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येकास स्वतंत्र संकेतनाम मिळते. सीबी म्हणजे ‘सिटिझन्स बँड’, अर्थात नागरी तरंगपट्टा. येथे परीक्षा नाही, आणि आज बहुतेक देशांत परवानाही नाही. संच विकत घ्यावा, अँटेना जोडावी आणि बोलू लागावे. त्याची लोकप्रियता आणि त्याची बदनामी, दोन्हींचे मूळ या सुलभतेत आहे.

उगम आणि एक विसंगती

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (पुढे ‘आयोग’) १९४५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी रेडिओ सेवेची तरतूद केली. तिचा तरंगपट्टा ४६० ते ४७० मेगाहर्ट्झ हा होता. वॉकी-टॉकीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या अल ग्रॉस यांच्या संचास १९४८ मध्ये आयोगाची मान्यता मिळाली. तथापि तत्कालीन तंत्रज्ञानात इतक्या उच्च वारंवारतेचे संच स्वस्तात तयार करणे कठीण होते. म्हणून १९५८ मध्ये हौशी रेडिओकडील ११ मीटरचा पट्टा काढून घेऊन २७ मेगाहर्ट्झच्या परिसरात २३ वाहिन्यांची नवी सेवा सुरू करण्यात आली. आज ज्याला सीबी म्हटले जाते ते हेच.

ही सेवा छोटे व्यावसायिक, शेतकरी, दुरुस्ती करणारे कारागीर, टॅक्सीचालक यांच्या कामकाजासाठी होती. आयोगाच्या तत्कालीन नियमांत छंद वा करमणूक म्हणून तिचा वापर करण्यास स्पष्ट मनाई होती. ‘सीबी हा छंद म्हणून जिवंत आहे काय’ हा आजचा प्रश्न या पार्श्वभूमीवर मोठा गमतीचा ठरतो. कारण छंद म्हणून तो जन्मतःच बेकायदेशीर होता. लोकांनी मात्र नियमाकडे दुर्लक्ष केले. अनोळखी माणसाशी गप्पा मारण्याची संधी हाताशी असताना केवळ कामापुरते बोलावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून नव्हती. पुढे सत्तरच्या दशकात आयोगानेच ही मनाई शिथिल केली.

तेलटंचाई आणि लोकप्रियतेचा कळस

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. अमेरिकेत डिझेल दुर्मिळ झाले, आणि जानेवारी १९७४ मध्ये इंधनबचतीसाठी ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, राष्ट्रीय वेगमर्यादा लागू करणारा कायदा झाला. मैलांच्या हिशोबाने मोबदला मिळणाऱ्या ट्रकचालकांच्या दृष्टीने ही थेट उत्पन्नातील कपात होती. डिझेल कोठे मिळते आणि पोलीस कोठे दबा धरून आहेत, ही माहिती परस्परांना देण्यासाठी त्यांनी सीबीचा आधार घेतला. डिसेंबर १९७३ मधील महामार्ग रोखण्याच्या आंदोलनातही या संचांचा वापर झाला. सीबीच्या लोकप्रियतेचे मूळ अशा रीतीने एका श्रमिक वर्गाच्या आर्थिक तक्रारीत आहे. त्याची गणना केवळ फॅशनमध्ये करणारे विवेचन अपुरे वाटते.

त्यानंतर चित्रपट आणि संगीताने ही लाट घरोघरी नेली. ‘कॉनव्हॉय’ हे गीत जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट १९७७ मध्ये आला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर संभाषण केले. टोपणनाव घेण्याची ही प्रथा लक्षणीय होय. खऱ्या नावाऐवजी स्वतः निवडलेले नाव, न दिसणारा चेहरा आणि कोणासही खुले असलेले संभाषण ही आंतरजालीय गप्पांची वैशिष्ट्ये सीबीवर दोन दशके आधीच रूढ झाली होती. आर्ट ब्लेक यांनी २०१९ मधील आपल्या ग्रंथात अमेरिकेतील कृष्णवर्णीय सीबीधारकांचा इतिहास मांडला आहे. ट्रकचालकांच्या गोऱ्या, ग्रामीण प्रतिमेमुळे तो बराच काळ झाकला गेला होता.

१ जानेवारी १९७७ पासून वाहिन्यांची संख्या ४० झाली. २३ वाहिन्यांचे संच दुकानात पडून राहिले आणि कवडीमोलाने विकावे लागले. १९८३ मध्ये परवान्याची अटच रद्द करण्यात आली. परवाना काढण्याची तसदी बहुसंख्य लोक घेतच नव्हते, त्यामुळे हा निर्णय म्हणजे वस्तुस्थितीला दिलेली मान्यता होती.

सूर्याचा हस्तक्षेप

सीबीच्या उत्कर्षाचे आणि ओहोटीचे सामाजिक विवेचन पुष्कळ झाले आहे. त्यामागील भौतिकशास्त्रीय कारणाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर. या तरंगाचे दैनंदिन वर्तन दृष्टिरेषेच्या जवळपास जाणारे असते. ४ वॅट शक्तीचा मोटारीतील संच सपाट प्रदेशात काही किलोमीटर, फार तर दहा-वीस किलोमीटर पोहोचतो. परंतु सूर्यावरील डागांची संख्या वाढली की सूर्यापासून येणारा अतिनील व क्ष-किरणांचा मारा वाढतो, पृथ्वीभोवतीच्या आयनांबराचे आयनीभवन तीव्र होते आणि एरवी अवकाशात निसटणारे हेच तरंग तेथून वक्र होऊन हजारो किलोमीटर दूर जमिनीवर परततात. सीबीधारक याला ‘स्किप’ म्हणतात. हे चक्र साधारण ११ वर्षांचे असते.

आता तारखा पाहाव्यात. १९७६ हे वर्ष सौरडागांच्या किमानाचे होते. म्हणजे सीबीची लाट ऐन भरात असताना आकाश शांत होते आणि शेजारच्या गावाशी बोलणे सुकर होते. १९७९ च्या अखेरीस कमाल गाठली गेली आणि त्याच ४० वाहिन्यांवर दूरदूरच्या राज्यांतील आवाजांचा गोंगाट सुरू झाला. घरी फोन करण्याऐवजी सीबी घेतलेल्या गृहस्थास पत्नीचा आवाज ऐकू येईना. हजार मैलांवरचा कोणी परका मात्र स्पष्ट ऐकू येई. उपयुक्ततेसाठी आलेला माणूस यामुळे कंटाळून गेला, तर कुतूहलासाठी आलेला याच कारणाने खिळून राहिला. साधन आणि छंद यांची फारकत येथून सुरू झाली, असे मानण्यास जागा आहे. दूरच्या स्थानकाशी संपर्क साधणे हे एकेकाळी नियमबाह्य होते. २५० किलोमीटरपलीकडे संपर्क न करण्याचा अमेरिकन नियम २०१७ मध्ये वगळण्यात आला.

साधनाचा अस्त

साधन म्हणून सीबीची पीछेहाट झाली, हे मान्यच करावे लागते. पोलंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे महामार्गावरील चालक २७.१८० मेगाहर्ट्झवर एकमेकांना पोलिसांची आणि अपघातांची सूचना देत असत, व दोन हजारनंतरच्या पहिल्या दशकापर्यंत साध्या खाजगी मोटारींवरही सीबीची अँटेना दिसे. पुढे यानोसिकसारख्या भ्रमणध्वनीवरील उपयोजनांनी नेमके तेच काम हाती घेतले आणि अँटेना उतरल्या. अमेरिकेत रस्तोरस्ती वाटाड्याचे काम भ्रमणध्वनीच करतो. डोंगराळ वाटांवर जीप हाकणारे हौशी गट आता एफएमवर चालणाऱ्या जीएमआरएस सेवेकडे वळले आहेत. तिचा परवाना परीक्षेविना मिळतो, आणि २०२२ मध्ये त्याचे शुल्क ३५ डॉलरपर्यंत खाली आणण्यात आले.

तरीही वाहिनी १९ पूर्णपणे नि:शब्द झालेली नाही. बर्फवृष्टीत अडकलेल्या वा अपघातामुळे तुंबलेल्या महामार्गावर आसपासच्या सर्वांना एकाच वेळी, त्यांचा क्रमांक ठाऊक नसताना, काही सांगावयाचे असेल तर भ्रमणध्वनी त्या कामाचा नाही. व्यावसायिक चालकांना हातात धरून भ्रमणध्वनी वापरण्यास अमेरिकेत २०१२ पासून मनाई आहे; त्या नियमातून सीबी वगळलेला आहे. रशियात लांब पल्ल्याचे चालक २७.१३५ मेगाहर्ट्झवर बोलतात. ऑस्ट्रेलियात तर ४७७ मेगाहर्ट्झवरील यूएचएफ सीबी हे शेतावरचे आणि निर्मनुष्य महामार्गावरचे नित्याचे साधन आहे, आणि तेथील वाहिन्या २०११ मध्ये ४० वरून ८० करण्यात आल्या. अर्थात तेथे २७ मेगाहर्ट्झचा जुना पट्टा मागे पडला आहे.

छंदाचे अस्तित्व कसे मोजावे

येथे पद्धतिशास्त्रीय अडचण उद्भवते. परवाना रद्द झाला की नोंदही संपते. अमेरिकेत १९८३ नंतर आणि ब्रिटनमध्ये २००६ नंतर सीबीधारकांची शिरगणती अशी उरलेली नाही. त्यामुळे ‘सीबी संपला’ आणि ‘सीबी पुन्हा उभारी घेतो आहे’ ही दोन्ही विधाने सारख्याच आत्मविश्वासाने केली जातात. बारकाईने पाहता पहिले विधान सौरडागांच्या किमानाच्या काळात आणि दुसरे कमालीच्या काळात अधिक ऐकू यावे, यात नवल नाही. अप्रत्यक्ष पुराव्यांवरच विसंबावे लागते.

ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे तस्करीने आलेल्या अमेरिकन एएम संचांचा वापर इतका वाढला होता की २७ मेगाहर्ट्झवर नियंत्रित होणारी खेळण्यातील विमाने उडविणाऱ्यांना त्याचा उपद्रव होई. अखेर २ नोव्हेंबर १९८१ रोजी सीबी कायदेशीर झाला, पण केवळ एफएम पद्धतीने आणि अमेरिकेहून वेगळ्या वारंवारतांवर. जे संच लोकांकडे होते ते बेकायदेशीरच राहिले! २०१४ च्या जूनमध्ये ऑफकॉमने एएम आणि एसएसबी या पद्धतींनाही परवानगी दिली. मृत मानल्या गेलेल्या माध्यमासाठी कोणी नियामक संस्था तेहतीस वर्षांनी नियम सैल करीत नाही. अमेरिकेतही कोब्रा या उत्पादक कंपनीने एफएमची मागणी लावून धरली, आयोगाने ती प्रथम नाकारली आणि २०२१ मध्ये मान्य केली. त्यानंतर एफएम असलेले नवे संच बाजारात आले. निर्मात्यांना गिऱ्हाईक दिसत होते, असा याचा सरळ अर्थ आहे.

पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते कमाल टप्प्यात पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा व नोआ या संस्थांनी जाहीर केले. या काळात ११ मीटरच्या पट्ट्यावर आंतरखंडीय संभाषणे होत राहिली. मात्र या छंदाची काळी बाजूही नमूद केली पाहिजे. अमेरिकेतील वाहिनी ६ वर मर्यादेच्या शेकडो पट शक्तीचे प्रवर्धक लावून परस्परांवर कुरघोडी केली जाते. परवाना नसल्याने शिस्तीचा आग्रह धरणारा कोणी नाही, आणि शिवराळ बोलणे ऐकून नवागत संच बंद करतो. खुलेपणाची ही किंमत आहे. परंतु ज्या संभाषणाचा कोणी मालक नाही, ज्याची नोंद कोठे साठविली जात नाही आणि ज्यासाठी मासिक शुल्क द्यावे लागत नाही, अशी सार्वजनिक जागा वर्णपटात अन्यत्र फारशी शिल्लक नाही. ही जागा वापराअभावी गेली, तर ती परत मिळण्याची शक्यता कमीच.

भारतीय संदर्भ

भारतात सीबीची लाट आली नाही. वायरलेस संच बाळगण्यासाठी परवाना आवश्यक असण्याची वसाहतकालीन परंपरा येथे दीर्घकाळ टिकली. समोरून येणाऱ्या गाडीने दिव्यांची उघडझाप करून पुढील तपासणीची सूचना देणे, हाच आपल्याकडील चालकांचा सीबी होय. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरी पट्टा ५ वॅटपर्यंतच्या, अंगभूत अँटेना असलेल्या संचांसाठी परवानामुक्त केला. या तरतुदीचा अर्थ थोडे गणित केल्यावर उलगडतो. अमेरिकन वाहिन्या २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत आहेत. त्यांपैकी पहिल्या २७ वाहिन्याच भारतीय पट्ट्यात बसतात. दुसरे म्हणजे, पाव तरंगलांबीची कार्यक्षम अँटेना पावणेतीन मीटरच्या आसपास असावी लागते. संचातच बसविलेल्या आखूड अँटेनेने ते काम होत नाही, आणि मोटारीच्या वा घराच्या छतावर वेगळी अँटेना उभारणे सवलतीत बसत नाही. परवानगी मिळाली, परंतु छंद रुजेल असे तिचे स्वरूप नव्हते. सामान्य भारतीयास या पट्ट्याचा परिचय असलाच तर तो दूरनियंत्रित खेळण्यांमुळे. ज्याला खरोखर बोलावयाचे आहे तो परीक्षा देऊन हौशी रेडिओकडे जातो.

ऐकण्याचा मार्ग मात्र मोकळा आहे. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील ट्वेंटे विद्यापीठाच्या परिसरातील एक ग्राहक संच २९.१६ मेगाहर्ट्झपर्यंतचा सर्व पट्टा आंतरजालावर खुला ठेवतो, आणि तो जगातून कोठूनही हव्या त्या वारंवारतेवर लावता येतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर, भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे युरोपात ऐन मध्यान्हाच्या आगेमागे, तो २७ मेगाहर्ट्झवर आणावा. आयनांबर अनुकूल असेल त्या दिवशी इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी आवाज एकावर एक चढलेले ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी केवळ खरखर असते, आणि ती का, हे विद्यार्थ्यांना त्या दिवशीच्या सौरडागांच्या व आयनांबराच्या नोंदी समोर ठेवून शोधावे लागते.