हात छापून मिळेल, पण माप कोण घेणार?

२०११ साली दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड व्हॅन आस या सुताराच्या उजव्या हाताची बोटे करवतीत गेली. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ही बातमी सांगितली, तर ऐकणारा फार तर ‘किती गेली?’ एवढेच विचारील. पण या सुताराला बाजारातल्या यांत्रिक बोटांची किंमत परवडेना, म्हणून त्याने इंटरनेटवर शोधाशोध केली. अमेरिकेतल्या इव्हान ओवेन नावाच्या कारागिराने हौसेखातर एक भलामोठा यांत्रिक पंजा बनवला होता. त्याचा व्हिडिओ व्हॅन आसच्या नजरेस पडला आणि दोघे दूर अंतरावरून मिळून काम करू लागले. पुढे जन्मतःच बोटे नसलेल्या एका पाच वर्षांच्या मुलासाठी त्यांनी हात तयार केला. ओवेनने त्याचा आराखडा कुणालाही वापरता येईल असा खुला ठेवला. २०१३ मध्ये रॉचेस्टरचे प्राध्यापक जॉन शुल यांनी असे हात छापून देणाऱ्या स्वयंसेवकांना एकत्र आणले. त्या मंडळींचे नाव ‘ई-नेबल’.

या हाताला ना मोटर लागते, ना बॅटरी. मनगट खाली वाकवले की पंजातून गेलेल्या नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटे मिटतात, सायकलचा ब्रेक दाबावा तसे. मनगट सरळ केले की इलॅस्टिक बोटे पुन्हा उघडते. भाग थ्रीडी प्रिंटरवर निघतात. हात काही हजार रुपयांत तयार होतो, कारण माणसाचा वेळ फुकट धरलेला असतो. ही कल्पना तशी जुनीच. ओवेनला प्रेरणा मिळाली ती १८४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये एका दंतवैद्याने देवमाशाच्या हाडापासून बनवलेल्या हातावरून.

आपल्याकडे या वाटेने गेलेला ठळक माणूस म्हणजे प्रशांत गाडे. मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या या मुलाने इंजिनिअरिंग अर्धवट सोडले आणि पुण्यात येऊन फॅब लॅबचा अभ्यासक्रम धरला. फॅब लॅब म्हणजे संगणकावरचे चित्र थेट वस्तूत उतरवणारी कार्यशाळा. पुणे जिल्ह्याला ती नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने अशी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा अमेरिकेबाहेर तसे फारसे काही नव्हते. निकोलस युशे या फ्रेंच तरुणाचा हात कारखान्यातल्या अपघातात गेला होता आणि त्याने खुल्या आराखड्यांतून स्वतःचा कृत्रिम हात उभा केला होता. गाडे याने त्याच्यापासून स्फूर्ती घेतली. मग त्याला दोन्ही हात नसलेली एक लहान मुलगी भेटली. तिच्या दोन हातांसाठी कंपनीने २४ लाख रुपये सांगितले, असे तो सांगत आला आहे. त्यातून ‘इनाली’ ही संस्था निघाली. तिचा बॅटरीवरचा हात सुमारे ५० हजारांत तयार होऊ लागला.

मग पिंपरी-चिंचवडला काय कमी आहे? निगडी, आकुर्डी, पिंपरीत इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत, चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे, गल्लोगल्ली टूलरूम आहेत आणि दहा मायक्रॉनचा फरक बोटाने ओळखणारे फिटर आहेत. प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मुलांना तर हा विषय आयता मिळतो. तरी एक अडचण आहे आणि ती प्रिंटरची नाही.

हात गेला, म्हणजे नेमके काय गेले? ई-नेबलच्या नेहमीच्या नमुन्यांना हलणारे मनगट आणि थोडा तरी तळवा लागतो. एलएन-४ हा दुसरा प्रकार. कॅलिफोर्नियातल्या एर्नी मीडोज यांनी, अपघातात गेलेल्या आपल्या मुलीच्या नावाने, तो जगभर मोफत वाटायला सुरुवात केली. भारतात रोटरी क्लब त्याची शिबिरे घेतात. त्याला कोपराखाली साधारण सहा इंच हात शिल्लक असावा लागतो. पेन, चमचा, दुचाकीचे हँडल धरायला तो बरा. पण पॉवर प्रेसवरचा कामगार बहुधा दोन-तीन बोटे गमावतो. त्याचा तळवा, मनगट, अंगठा शाबूत असतो. हे दोन्ही प्रकारचे कृत्रिम हात त्याच्या फारसे कामाचे नाहीत. उरलेल्या बोटांनीच तो जास्त चांगले पकडतो, आणि त्यावर प्लॅस्टिकचा पंजा चढवला तर स्पर्शही जातो. शिवाय छपाईला सर्रास वापरले जाणारे पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेला हात वाकडा निघू शकतो.

तयार झालेला हात वापरला जातो का, हा आणखी अवघड प्रश्न. टोरंटोच्या एलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांनी २००७ मध्ये पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. शरीराच्या हालचालीवर चालणारे हात सरासरी २६ टक्के प्रौढांनी आणि ४५ टक्के मुलांनी टाकून दिले होते. वजन, घाम, टोचणे, किंवा नुसते ‘याच्याशिवाय लवकर होते’. म्हणून शिबिरात हात बांधून फोटो काढला की काम संपले, असे मानणाऱ्यांनी सहा महिन्यांनी त्या घरी एकदा जाऊन यावे.

विद्यार्थ्यांचे खरे बळ इथेच आहे. मोठी कंपनी एका माणसाच्या एका बोटासाठी आराखडा बदलत नाही, चार मुले बदलू शकतात. वाढत्या वयाच्या मुलाला दरवर्षी नवा हात छापून देणेही त्यांनाच जमेल. फक्त माप घेताना शेजारी प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ हवा. पुण्यात तो शोधायला लांब जावे लागत नाही: लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून इथेच आहे, आणि साधू वासवानी मिशनही कृत्रिम अवयव मोफत बसवते.

आणि मुळात बोटे घेणाऱ्या प्रेसचे काय? पेडल बंद करून दोन्ही हातांनी दाबायची बटणे बसवली, डायपुढे सेन्सरचा प्रकाशपडदा लावला, तर हात आत असताना स्ट्रोक पडत नाही. ही युक्ती जुनी आणि माहितीतली आहे. उत्पादन घटते म्हणून सेन्सर बंद ठेवला जातो, तेव्हा बोटे जातात. वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. मानेसरपासून सुरुवात करून ती पुण्याच्या पट्ट्यातही पोहोचली आहे. कमी खर्चाचा हात बनवणाऱ्या मुलांनी पुढच्या सेमिस्टरला कमी खर्चाचा प्रेस-गार्ड बनवला, तर लघुउद्योजकांच्या हरकतींना एक तरी उत्तर मिळेल.

ज्याचे बोट गेले आहे, त्याने मात्र प्रिंटरची वाट बघू नये. अपघाताची नोंद कंपनीत आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत झाली का, हे आधी पाहावे. ठेकेदाराचा कामगार असला तरी हे लागू आहे. ईएसआयच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी १४ टक्के धरतात, एका हाताची दोन बोटे गेल्यास २०, अंगठा गेल्यास ३० आणि चारही बोटे गेल्यास ५० टक्के. त्या प्रमाणात दरमहा मिळणारी रक्कम आयुष्यभर चालू राहते.