बर्लिनचा पाऊस, झाशीची हॉकी

14 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनमध्ये असा पाऊस लागला की ऑलिंपिकच्या दोन खेळांची दैना उडाली. हॉकीचा अंतिम सामना त्याच दिवशी व्हायचा होता. मैदान खेळण्याजोगं राहिलं नाही आणि तो दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला. बास्केटबॉलचा अंतिम सामना मात्र भर चिखलात उरकून घेतला. ऑलिंपिकमधलं या खेळाचं ते पदार्पण, पण यजमानांनी त्याला छप्पर दिलं नव्हतं. उघड्यावरच्या माती-वाळूच्या टेनिस कोर्टांवर सामने लावले होते. ओल्या मातीवर आपटलेला चेंडू वर येईना. अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते 19-8 असं. त्यातल्या अमेरिकेच्या पहिल्या 15 गुणांची बेगमी मध्यंतरापर्यंतच झाली होती. जो फोर्टनबेरी या उंचाड्या खेळाडूने एकट्याने 8 गुण केले, म्हणजे कॅनडाच्या अख्ख्या संघाइतके.

दुसऱ्या दिवशी भारताने हॉकीत जर्मनीचा 8-1 असा फडशा पाडला. कर्णधार ध्यानचंद, शेजारी धाकटा भाऊ रूपसिंग. दोघेही झाशीचे.

झाशी म्हटलं की मराठी माणूस नेवाळकरांपाशी थांबतो आणि फार तर 1857 पर्यंत येतो. पुढची झाशी छावणीची आणि रेल्वेची. जीआयपी, म्हणजे बोरीबंदरहून सुटणारी आपली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, झाशीत मोठं ठाणं करून बसली होती; तिथे तिचा कारखाना होता. एकीकडे पलटणी, दुसरीकडे रेल्वेचे कामगार, आणि दोन्हीकडे हॉकी. ध्यानचंदांचे वडीलही फौजेतच. त्यांच्या बदल्यांपायी मुलाची शाळा सहा वर्षांत आटोपली आणि 1922 मध्ये तो शिपाई म्हणून भरती झाला. महाविद्यालयाच्या मैदानाचा या कहाणीत संबंधच नाही, आणि नेमकं तेच मला अमेरिकेच्या शेजारी ठेवून पाहावंसं वाटतं.

कारण अमेरिकेत बास्केटबॉल जन्मला तोच शिक्षणसंस्थेच्या व्यायामशाळेत. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या अडकवल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांना खेळायला लावलं. पहिला सामना 1-0 असा सुटला! त्या अठरांपैकी डंकन पॅटन पुढे 1894 मध्ये हा खेळ घेऊन हिंदुस्थानात आला. नायस्मिथ स्वतः कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथे अनेक वर्षं संघ शिकवत राहिले. गंमत अशी की तिथल्या प्रशिक्षकांच्या यादीत जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले ते एकटेच.

1935-36 चा महाविद्यालयीन हंगाम बास्केटबॉलच्या वाढीच्या ऐन भरातला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका तिकिटात दोन सामने दाखवायची टूम 1934 च्या अखेरीस निघाली होती आणि पहिल्याच रात्री सोळा हजारांच्या घरात माणसं लोटली होती. विद्यार्थ्यांचे सामने बघायला इतकी गर्दी, हे आपल्याला आजही पचायला जड जातं. खेळ अजून संथ होता. दर टोपलीनंतर मध्यभागी चेंडू उडवून नव्याने सुरुवात व्हायची. ही पद्धत 1937 मध्ये गेली तेव्हा कुठे खेळाला वेग आला. नोत्र दाम आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांमधली एक लढत त्या हंगामात 20-20 अशी बरोबरीत सुटली, यावरून कल्पना यावी. देशाचा विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेची स्पर्धा 1939 मध्ये आठ संघांवर सुरू झाली. आज मार्च महिन्यात 68 संघांची जी धमाल चालते ती हीच.

त्या हंगामात सगळ्यांच्या तोंडी होता तो ब्रुकलिनच्या लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ. प्रशिक्षक क्लेअर बी. हा संघ हंगामभर एकही सामना हरला नाही. बर्लिनसाठी अमेरिकेचा संघ निवडायला वसंतात गार्डनमध्येच चाचणी स्पर्धा भरणार होती, आणि हा संघ तिथे हवाच होता. संघातली कित्येक मुलं ज्यू होती. हिटलरच्या राज्यात खेळायला जायचं नाही, असं ठरवून लाँग आयलंड चाचणीलाच उतरला नाही.

चाचणीत बाजी मारली ती कोणत्याच विद्यापीठाने नाही. युनिव्हर्सल पिक्चर्स या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीच्या संघाने कॅन्ससमधल्या मॅकफर्सन गावच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या संघाला 44-43 असं एका गुणाने हरवलं. बर्लिनला गेलेल्या 14 जणांत स्टुडिओचे 7, कारखान्याचे 6 आणि विद्यार्थी एकच, वॉशिंग्टन विद्यापीठाचा राल्फ बिशप. फोर्टनबेरी कारखान्याच्या संघातला. कागदोपत्री सगळे हौशी. खेळाचे पैसे नाहीत, पगार नोकरीचा. नोकरी मात्र खेळामुळे.

ही व्यवस्था आपल्याला काही नवी नाही. तेव्हाची हिंदुस्थानी हॉकी तिच्यावरच चालायची: कलकत्त्याला कस्टम्स, मुंबईला जीआयपी, ठिकठिकाणी पलटणी. ज्या अमेरिकेत खेळ म्हणजे कॉलेज, तिनेही त्या वर्षी स्टुडिओ आणि कारखाना पाठवला हे मला फार बोलकं वाटतं. नाही म्हणायची मुभा ब्रुकलिनच्या मुलांना होती, कारण त्यांचं पोट त्या चेंडूवर नव्हतं. ध्यानचंदांना तर साधी रजा मिळायची मारामार. 1932 आणि 1936, दोन्ही वेळा निवडीसाठी आंतरप्रांतीय स्पर्धा भरली आणि दोन्ही वेळा पलटणीने त्यांना सोडलं नाही. हॉकी महासंघाने त्यांना न खेळताच संघात घेतलं, तो भाग वेगळा.

1932 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेची आणि या भावांची गाठ पडली होतीच. 24-1! रूपसिंगांचे 10, ध्यानचंदांचे 8. चोवीसपैकी अठरा गोल झाशीच्या एका घरातले. अर्थात त्या वेळी स्पर्धेत संघच तीन होते, हेही सांगायला हवं. चार वर्षांनी बर्लिनला पुन्हा 7-0.

बर्लिनचा तो अंतिम सामना मात्र तसा सोपा नव्हता. महिनाभर आधी सराव सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 असं हरवलं होतं आणि त्याची धास्ती संघाच्या मनात होती. सामन्याआधी साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्तांनी खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केलं. पगार सरकारी फौजेचा, अंगावर ब्रिटिश हिंदुस्थानचा पोशाख, आणि सलामी त्या झेंड्याला. नाही म्हणायची सोय नसलेल्या माणसांनी शोधलेली ही वाट होती. प्रेक्षकांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. मध्यंतराला भारत जेमतेम 1-0 ने पुढे, तो गोल रूपसिंगांचा. उत्तरार्धात ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढून टाकले, रबरी तळव्यांचे बूट चढवले, आणि मग जर्मनांना चेंडू दिसेनासा झाला. जर्मन गोलरक्षकाशी टक्कर होऊन ध्यानचंदांचा एक दातही पडला. त्यांचे त्या दिवशीचे गोल कुणी तीन लिहितं, कुणी सहा.

एवढं करूनही आपला सर्वोत्तम सामना कोणता, याचं उत्तर देताना ध्यानचंदांनी बर्लिनचं नाव घेतलं नाही. ‘गोल’ या 1952 मधल्या आत्मकथनात त्यांनी निवडला तो 1933 चा कलकत्त्यातला बेटन चषकाचा अंतिम सामना: कलकत्ता कस्टम्स विरुद्ध झाशी हीरोज. हीरोज हा पलटणीचा संघ नव्हता, तो गावचा क्लब. समोर शौकत अली, असद अली, डीफहोल्ट्स असे एकाहून एक नावाजलेले. इकडे रूपसिंग आणि मुंबईच्या जीआयपीचा इस्माईल सोडले तर सगळी कोवळी पोरं. कस्टम्सने झाशीच्या गोलवर नुसता मारा चालवला होता. तेवढ्यात ध्यानचंद मधूनच निसटले आणि त्यांनी इस्माईलला लांब पास दिला. इस्माईल अर्धं मैदान धावत सुटला. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात ‘तू की मी’ झालं, आणि तेवढ्यात त्याने चेंडू आत घातला. 1-0. स्प्रिंगफील्डच्या पहिल्या सामन्याचा निकाल लागला होता तोच. रेल्वेच्या मुंबईकराने झाशीला हा चषक जिंकून दिला.

ध्यानचंदांनी हाच सामना का निवडला? माझा तर्क सरळ आहे. पलटणीत ते हुकमाने खेळले, ऑलिंपिकला देशासाठी, पण दुसऱ्याच्या झेंड्याखाली. हीरोज हा एकच संघ पूर्णपणे त्यांचा होता, आणि त्यांना मारली जाणारी ‘दद्दा’ ही हाकही झाशीचीच. अमेरिकन विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये नेमकी हीच ओढ आहे. पैसा अलीकडे मुबलक आला, पण स्टँड भरतात ते आपल्या कॉलेजचा, आपल्या गावचा संघ म्हणून.

आपल्याकडे गावचे क्लब विरले आणि विद्यापीठांचा हंगाम कधी रुजलाच नाही. सर्वोत्तम विद्यापीठाला मिळणारा मौलाना आझाद चषक 1956-57 पासून आहे, पण तो यंदा कुणी जिंकला हे शंभरातल्या पाच वाचकांनाही सांगता यायचं नाही. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान तलावाच्या कोर्टाने देशाला इतके बास्केटबॉलपटू दिले, तरी आपली मुलं तिथलं एक नाव घेऊ शकत नाहीत. म्हणून दिवाळीनंतरच्या सुट्टीत एवढं कराच: तुमच्या विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने कुठे आणि कधी आहेत ते जिमखान्यात विचारा आणि मुलांना घेऊन जा. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, आणि जागाही हवी तेवढी मिळते.