मैदानाबाहेरचा खेळाडू

फुटबॉलचा सामना पाहतांना आपली दृष्टि चेंडूमागें धांवते. परंतु कोणत्या खेळाडूनें कोठें उभें राहावें हें ज्यानें ठरविलें, तो व्यवस्थापक मैदानाबाहेर बसलेला असतो. उत्तम खेळाडू हा आपोआप उत्तम व्यवस्थापक होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा, हें इंग्लंडच्या ब्रायन क्लफच्या चरित्रावरून दिसून येतें.

क्लफ १९३५ सालीं मिडल्सब्रो येथें जन्मला. मिडल्सब्रो व संडरलंड या संघांकडून साखळी स्पर्धेच्या २७४ सामन्यांत त्यानें २५१ गोल केले. पण २६ डिसेंबर १९६२ रोजीं प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशीं टक्कर होऊन त्याच्या गुडघ्यांतील बंध तुटले, आणि १९६४ सालीं, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं, त्याचा खेळ कायमचा संपला.

पुढील वर्षीं हार्टलपूल येथील एका निर्धन संघाचें व्यवस्थापन त्यानें पत्करलें. मिडल्सब्रोचा जुना गोलरक्षक पीटर टेलर हा त्याचा साहाय्यक झाला. खेळाडूचें कौशल्य स्वतःच्या पायांत असतें. व्यवस्थापकास तें दुसऱ्याच्या पायांत ओळखावें लागतें. टेलरनें माणसें हेरावीं व क्लफनें त्यांस धीर द्यावा, अशी त्यांची कार्यपद्धति होती. १९७२ सालीं त्यांच्या डर्बी संघानें इंग्लंडचें विजेतेपद मिळविलें.

१९७४ सालीं क्लफ टेलरवांचून लीड्स संघाकडे गेला. तेथील विजेत्या खेळाडूंच्या पूर्वीच्या यशाचा त्यानें उपमर्द केला, व चव्वेचाळीस दिवसांत त्यास जावें लागलें. बुद्धि तीच होती. पण माणसें दुखावलीं, म्हणून ती निष्फळ ठरली.

१९७५ सालीं तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाकडे आला. पुढें टेलरही येऊन मिळाला. त्या संघांत जॉन रॉबर्टसन नांवाचा एक अंगानें स्थूल, उपेक्षित तरुण होता. त्यास डाव्या बगलेवर खेळवून क्लफनें त्याजवर विश्वास टाकला. १९७९ सालीं यूरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानेंच दिलेल्या चेंडूवर निर्णायक गोल झाला. १९८० सालीं तर तो त्यानें स्वतःच केला.

पुढें क्लफ व टेलर यांचें वितुष्ट आलें. १९९० सालीं टेलर वारला, तोंवर समेट झाला नाहीं. ही खंत क्लफला २००४ मध्यें मृत्यु येईपर्यंत राहिली.

विद्यार्थिमित्रहो, पाय निकामी झाले तरी क्लफचा खेळ थांबला नाहीं. दुसऱ्यांतील गुण ओळखल्यानें तो थोर झाला, आणि जेथें माणसें दुरावलीं तेथेंच तो हरला.