39 ला जनावरं, 43 ला माणसं

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा एक आकडा येतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट, किती इंच. आपण तो वाचतो, पुढे पाठवतो आणि कामाला लागतो. तोच आकडा वाचून नदीकाठच्या घरात काय होतं, ते पाहायला मी शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला गेलो. पाऊस आडवा झोडपत होता. बोळाच्या तोंडाशी गढूळ पाणी आलं होतं आणि ओल्या वैरणीचा, शेणाचा वास सगळीकडे भरून राहिला होता.

39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोक्याची. इथल्या म्हशीवाल्या मावशींचा नेम सरळ आहे. "एकोणचाळीसला जनावरं, त्रेचाळीसला माणसं. आधी आम्हीच गेलो तर म्हशीची दावी कोण सोडणार?"

धान्य, भांडी माळ्यावर गेली, गॅसची टाकी शेजारच्या वरच्या मजल्यावर. ते काम घटकाभरात उरकलं. म्हशींचं तसं नव्हतं. पंढरपुरी म्हशी त्या, लांब शिंगांच्या. अरुंद बोळात दोघी एकदम निघाल्या की शिंगं भिंतीला घासतात. नुकतीच व्यालेली म्हैस पाण्यात पाय टाकेना. मुलगा दावं ओढून दमला. मावशींनी त्याला थांबवलं, रेडकू त्याच्या खांद्यावर दिलं आणि पुढे चालायला सांगितलं. रेडकू ओरडलं, तशी म्हैस हंबरत पोटापर्यंतच्या पाण्यात उतरली. मागे बाकीच्या आल्या. मावशी सगळ्यात शेवटी, डोक्यावर पेंडीचं पोतं घेऊन.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून दूध घेण्याची या गावाची जुनी आवड. ते दूध अशाच गोठ्यांतून येतं. त्या संध्याकाळी उंचावरच्या रस्त्याकडेला, ताडपत्रीखाली धार काढायला बसलेल्या मावशींना मी बराच वेळ पाहत होतो. ताडपत्री वाऱ्याने फडफडली की म्हैस दचकायची. कासेला पाणी मारलं, रेडकू लावून पाहिलं, तरी चरवी अर्धीच. "परक्या जागी पान्हा चोरतीया," त्या म्हणाल्या आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पाऊस उघडला म्हणजे पूर उतरला, असं इथे होत नाही. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि ते पाणी भोगावती नदीतून इकडेच येतं. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असेल, तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हाची गोष्ट निघाली की मावशी फक्त हात वर करून पाण्याची उंची दाखवतात.

पाणी असं थांबलं की रस्त्याकडेचा मुक्काम लांबतो, वैरण विकत घ्यावी लागते आणि दूध निम्म्यावर येतं. पंचनाम्यात पडलेली भिंत येते, वाहून गेलेलं जनावर येतं. आटलेलं दूध येत नाही. 39 ते 43 या चार फुटांत ही माणसं जे कष्ट उपसतात, त्यामुळे किती गोठे वाचतात, याची नोंद कुठल्याच वहीत नसते. मला हा अन्याय वाटतो.

माणसांना शाळेत, मठात आसरा मिळतो. मावशींचा प्रश्न एकच होता: "म्हशी कुठं बांधू?" गावाने त्याचं उत्तर पूर येण्याआधी, मे महिन्यातच द्यायला हवं. काठावरच्या गोठ्यांची यादी, उंचावरची पत्र्याची शेड आणि आठ-दहा दिवसांची वैरण, एवढीच ती मागणी आहे. आणि तुम्ही पूर बघायला शिवाजी पुलाकडे जाणार असाल, तर गाडी वरच लावा. खालचा रस्ता म्हशींना मोकळा हवा असतो.