एका उपकरणाचा एकच ताबेदार

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविण्याची विद्या नवी नव्हे. आयबीएमने 1972 सालीच ती व्हीएम/370 या नावाने आपल्या ग्राहकांच्या हाती दिली होती. परंतु सामान्य माणसाच्या मेजापर्यंत ती आणण्याचे श्रेय ज्या थोड्या प्रणालींना द्यावे लागते, त्यांत व्हर्च्युअलबॉक्सचे स्थान मोठे आहे. जर्मनीतील इनोटेक कंपनीने ती घडविली, 2007 साली तिचा मूळ स्रोत सर्वांस खुला केला, आणि पुढे सन मायक्रोसिस्टिम्सच्या वाटेने 2010 साली ती ओरॅकलच्या अमलाखाली गेली.

अशा आभासी यंत्राला लागणारी बहुतेक सामग्री यजमान संगणक आपल्यातूनच वाटून देतो: त्याची हार्ड डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक फाइल, त्याची मेमरी म्हणजे यजमानाच्या मेमरीतील एक राखीव हिस्सा. यूएसबीला खोचलेल्या उपकरणाची मात्र अशी वाटणी होत नाही. एका वेळी त्याचा ताबा एकाच प्रणालीकडे असू शकतो, आणि या विषयातील सारे नियम आणि साऱ्या अडचणी या एकाच वस्तुस्थितीतून उद्भवतात.

1996 साली सिद्ध झालेल्या यूएसबी मानकाच्या घडणीत इंटेलमधील ज्या अभियंत्यांचा प्रमुख वाटा होता, त्यांपैकी अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. मराठी ग्रंथांना उदार राजाश्रय देणाऱ्या त्या नगरीचा हा धागा मला फार मोलाचा वाटतो. या मानकानुसार प्रत्येक उपकरण जोडले जाताच आपला दाखला सादर करते, आणि त्यात निर्मात्याचा एक व वस्तूचा एक असे दोन क्रमांक असतात. व्हर्च्युअलबॉक्स त्या दाखल्यावरून उपकरण ओळखते, यजमानाच्या ड्रायव्हरकडून ते काढून घेते आणि आभासी यंत्रात चालणाऱ्या अतिथी प्रणालीपुढे असे ठेवते की, ते जणू आताच तिच्या अंगी खोचले गेले आहे. ज्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर केवळ जुन्या विंडोजपुरताच निघाला, किंवा ई-निविदेसाठी लागणाऱ्या ज्या डिजिटल सहीच्या टोकनची आज्ञावली लिनक्सवर चालत नाही, त्यांना या हस्तांतरणाने पुन्हा कामास लावता येते.

लिनक्सवर या व्यवहारास परवाना लागतो. वापरकर्त्याचे नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात दाखल असावे लागते, आणि ती नोंद पुढच्या लॉगिनपासूनच अमलात येत असल्याने एकदा लॉगआउट होणे क्रमप्राप्त ठरते. ही पायरी विसरल्यामुळेच यादीत एकही उपकरण दिसत नाही, आणि मग कंटाळून मनुष्य सारा कारभार रूटच्या अधिकाराने चालवू लागतो. माझ्या मते हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे. कारण प्रत्यक्ष उपकरणाशी थेट बोलण्याचा अधिकार हा मोठा अधिकार असून, तो नेमक्या माणसांपुरता मर्यादित ठेवण्यासाठीच त्या गटाची योजना झाली आहे.

त्यानंतर, आभासी यंत्र बंद असताना, त्याच्या यूएसबी कंट्रोलरची निवड करावयाची. वेगवान कंट्रोलरांसाठी अनेक वर्षे स्वतंत्र एक्स्टेन्शन पॅक बसवावा लागे, आणि त्याचा परवाना कचेऱ्यांना मोफत नसे. 2022 सालच्या 7.0 आवृत्तीपासून ते मूळ संचातच आले. यूएसबी 3.0 निवडताना एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, विंडोज 7 मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो.

शेवटी, कोणते उपकरण आपोआप अतिथीकडे जावे हे ठरविणारा फिल्टर करताना दाखल्यातील दोन्ही क्रमांक अवश्य भरावेत, कारण रिकामा फिल्टर कोणत्याही उपकरणाशी जुळतो. पेन ड्राइव्ह असेल, तर तो आधी यजमानावर रीतसर 'इजेक्ट' करावा. लेखन चालू असताना ताबा बदलला, तर त्यावरील मजकूर नष्ट होऊ शकतो.